लेकरू कुणाचे?

आपल्या भाषेने रोगांना नावे देताना त्यांचा फारसा मान ठेवलेला नाही. खरूज, नायटा, पटकी, हगवण ही नावे घेतानाच तोंड वाकडे होते. एका रोगाला मात्र आपण थेट देवघरात नेऊन बसवले. मुलाला ताप भरून अंगावर फोड उठले की रोग झाला असे कोणी म्हणत नसे. ‘देवी आल्या’ असे म्हणत. मानाची पाहुणी यावी तशा त्या यायच्या आणि कृपा झाली तर तशाच निघून जायच्या. गंमत अशी की, त्या येऊ नयेत म्हणून जी लस टोचत, त्यालाही लोक ‘देवी काढणे’च म्हणत, आणि टोचायला येणारा सरकारी माणूस ‘देवी डॉक्टर’ म्हणून ओळखला जाई. रोगही देवी आणि उपायही देवी!

मी चाळीस वर्षे लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केले. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे लोटली. या काळात आईबापांनी मुलाच्या औषधोपचाराला धर्माचे कारण सांगून नकार दिल्याचे प्रसंग माझ्यापुढे अनेकदा आले. तो विषय निघाला की मला पहिल्याने आठवतो तो हाच शब्द. कारण अशा नकाराची सारी कहाणी त्या एका शब्दात आहे. पाहुणी आली असताना तिला औषध देऊन हाकलायचे कसे?

देवी आलेले घर तरुण वाचकांनी पाहिलेले असणे शक्य नाही. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावलेले असत. घरात फोडणी बंद, तळण बंद. मुलाच्या अंगाखाली कडुलिंबाचा पाला, पोटाला थंड दहीभात. बाहेरच्या माणसाला आत येण्याची मनाई. आई रात्रंदिवस उशाशी बसून ‘माय, सांभाळ’ एवढेच म्हणत राही. डॉक्टरी शिकल्यावर मी या सगळ्याकडे नव्या नजरेने पाहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले की यातले बरेचसे शहाणपणाचे होते. आजारी मुलाला वेगळे ठेवणे, हलके अन्न देणे, गर्दी टाळणे, याहून अधिक त्या काळचा डॉक्टर तरी काय करणार होता? देवी अंगावर उठल्यानंतर त्या बऱ्या करील असे औषध त्याच्यापाशीही नव्हते. दहांतली तीन माणसे दगावत, आणि जगलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे जात. तेव्हा देवी आल्यावर डॉक्टरला बोलावले नाही, म्हणून मी कुणा आईला दोष देणार नाही. प्रश्न होता तो देवी येण्याआधीचा. लस तेव्हाही होती, आणि तीही त्याच कारणासाठी नाकारली जात होती.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात माझी आत्या राहत असे. ती चार वर्षांची असताना पेठेत देवी डॉक्टर आला होता. आजीने तिला माळ्यावर नेऊन लपवले आणि ‘पोरगी आजोळी गेली आहे’ असे सांगून त्याला वाटेला लावले. आजी काही कठोर बाई नव्हती. सुईने देवी अंगात घालायची म्हणजे तिला न बोलावता घरात ओढून आणायचे, असे तिला मनापासून वाटे. आणि मग तिचा कोप झाला तर? दोन वर्षांनी देवी आपणहून आल्या. एकविसाव्या दिवशी आत्या उठून बसली. पण तिचे दोन्ही डोळे गेले होते. जीव वाचला ही देवीची कृपा, असे म्हणून आजीने ओटी भरली.

आत्याने आपल्या आईला त्यावरून कधी बोल लावल्याचे कोणी ऐकले नाही. ती श्रावणात शितळासप्तमी पाळी, त्या दिवशी चूल पेटवू देत नसे, शिळे अन्न खाई. पण तिची एक सवय सगळ्या वाड्याला ठाऊक होती. कुणाचेही तान्हे मूल मांडीवर घेतले की ती आधी त्याचे दंड चाचपून पाही. लसीचे खोलगट वण बोटांना लागले की, ‘झालं बाई एकदाचं!’ म्हणून मुलाची दृष्ट काढी. दंड गुळगुळीत लागला तर मुलाच्या आईची खैर नसे. ती स्वतः काठी घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जाई.

एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, “आत्या, देवीचा कोप झाला तर?”

आत्या म्हणाली, “अगं, तिला आपल्या वाड्यातून जे न्यायचं होतं, ते तिनं माझ्याकडून नेलंय. आता तिचं आपल्याकडं काही येणं नाही. माझ्या नावावर टोचून घे.”

काकूंनी टोचून घेतले. आत्याने देवीशी भांडण मांडले नाही, काकूंना अडाणीही म्हटले नाही. नुसता हिशेब चुकता करून दाखवला. पुढे मी वैद्यकावरची जाडजूड पुस्तके वाचली; पण नकार देणाऱ्या आईबापांशी कसे बोलावे, याचा इतका चांगला धडा मला कोणत्याच पुस्तकात सापडला नाही.

आजीसारख्या माणसांची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. आपल्या देशात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस बाटलीत मिळत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातले पाणी घेऊन ते दुसऱ्याच्या दंडाला टोचायचे, त्याच्या फोडातले तिसऱ्याला. कोणत्या जातीच्या मुलाचे पाणी कोणाच्या अंगात जाईल याचा नेम नसे. शिवाय टोचलेल्या मुलाचा दंड पुन्हा चिरायचा, हे आईला कसे पाहवेल? पुढे लस वासरांच्या कातडीवर वाढवू लागले, तेव्हा जातीचा प्रश्न सुटला आणि गाईचा उभा राहिला. धर्म, विटाळ आणि आईची माया यांचा असा गुंता होता की, यातले धर्माचे किती आणि भीतीचे किती, हे सांगणे कठीण होते. आजही ते कठीणच असते.

आणि त्यात सक्ती आली की गुंता अधिकच आवळतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घरात, देवघरात शिरून रोगी शोधू लागले, तेव्हा लोकांना रोगापेक्षा इस्पितळाची धास्ती वाटू लागली. माणसे आपले रोगी लपवू लागली. त्या संतापातून पुढे रँडचा खून झाला, हा इतिहास आपण सर्व जाणतो. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. त्याही मुलाला घरातून दवाखान्यात नेले गेले. पण नेणारे हात वेगळे होते. लोक औषधाला नाही म्हणतात असे आपण समजतो. पुष्कळदा ते औषध घेऊन येणाऱ्या माणसाला नाही म्हणत असतात.

तरीही सगळे प्रश्न मायेने सुटतात असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. १९७४ साली बिहारात देवीची मोठी साथ आली. त्या एका वर्षात देशात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांना देवी आल्या आणि तीस हजारांवर माणसे मेली. रोग मुळापासून उपटायचा म्हणजे एकही घर सोडून चालणार नव्हते. त्या मोहिमेत काम केलेले अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी सिंगभूममधली एक हकिगत लिहून ठेवली आहे. हो आदिवासींच्या एका प्रमुखाने लस घ्यायचे साफ नाकारले होते. कोणाला रोग द्यायचा, कोणाला नाही, हे देव ठरवील. त्यात माणसाने हात घालू नये, अशी त्याची श्रद्धा. अखेर मोहिमेतले लोक पोलीस घेऊन मध्यरात्री त्याच्या झोपडीचे दार मोडून आत शिरले. तो कुऱ्हाड घेऊन धावला. त्याला खाली दाबून धरले आणि टोचले, घरच्यांनाही टोचले.

यानंतरचे वाचताना मी दर वेळी थांबते. झटापट संपल्यावर त्या माणसाने आपल्या वेलावरच्या काकड्या तोडल्या आणि त्या टोचणाऱ्यांच्या हाती दिल्या. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता: विरोध करणे हा माझा धर्म होता, तो मी पाळला. टोचणे हा तुम्ही तुमचा धर्म मानता, तो तुम्ही पाळलात. आता भांडण संपले. तुम्ही माझ्या दारी आलेले पाहुणे आहात.

१९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. त्या रात्रीचाही त्यात वाटा आहे. पण ती काकडी गोड लागली असेल असे मला वाटत नाही.

देवीच्या बाबतीत निदान सारा गाव धोक्यात असे. एकाने नाकारले तर शेजाऱ्यालाही रोग व्हायचा. एकट्या मुलाचाच जीव पणाला लागलेला असतो, तेव्हा काय करायचे? असा प्रसंग माझ्यापुढे आला तो १९७६ साली, मुंबईच्या एका इस्पितळात. मी तेव्हा मुलांच्या विभागात नवीनच होते. नगरकडचे एक ख्रिस्ती जोडपे होते. नवरा कारखान्यात फिटर, बायको शाळेत शिक्षिका. दोघेही शांत, समंजस. त्यांचे दुसरे मूल जन्मतःच पिवळे पडू लागले होते. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले, तर आईच्या रक्तातली द्रव्ये बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. त्यातून निघणारा पिवळा रंग फार चढला की मेंदूत उतरतो. मग मूल मरते, किंवा बहिरे, लुळे होऊन जगते. त्या वेळी यावर उपाय एकच होता: बेंबीतल्या शिरेतून बाळाचे रक्त थोडे थोडे काढायचे आणि तितकेच दुसऱ्याचे रक्त आत सोडायचे, असे दोन तास करत राहायचे.

आणि ते ज्या पंथाचे होते, त्या पंथात रक्त घेणे निषिद्ध होते.

बापाने आपले पवित्र शास्त्र उघडून मला वचने दाखवली. तो चिडला नाही, ओरडला नाही. “डॉक्टर, दुसरं काय वाटेल ते करा. रक्त नको,” एवढेच म्हणत राहिला. बाळाचा पिवळेपणा तासातासाला वाढत होता. कोर्टात जाण्याइतका वेळ नव्हता. आमचे विभागप्रमुख खाली आले. त्यांनी बापाचे सगळे म्हणणे खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाप काय म्हणतो ते आपण ऐकलं. बाळ काय म्हणतंय ते कोण ऐकणार?”

ते परत गेले आणि बापाला म्हणाले, “तुम्ही सही करू नका. मी तुम्हाला तुमच्या धर्माविरुद्ध काही करायला सांगणार नाही. पण बाळाला मी मरू देणार नाही. जे करीन ते माझ्या जबाबदारीवर करीन. कागदावर तुमचा नकारही लिहीन आणि माझं नावही.”

बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आम्ही परवानगी दिलेली नाही.”

“नाही दिलीत. तसंच लिहितो.”

“मग आम्ही खाली जाऊन प्रार्थना करतो.”

तो जिना उतरून गेला. त्याने आम्हाला अडवले नाही आणि बाळ उचलून घरीही नेले नाही. त्याच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण त्याच्या खांद्यावरचे ओझे कोणीतरी उतरवून घेतले असावे, तसा तो चालत होता. दोन तास आम्ही ते काम केले. बाळ वाचले.

तिसऱ्या दिवशी आई माझ्यापाशी आली आणि हळूच विचारू लागली, “बाई, आता याच्या अंगात कुणाचं रक्त आहे?” मी तिला जे खरे ते सांगितले. तांबडी पेशी फार तर एकशेवीस दिवस जगते. बाहेरून दिलेल्या पेशी हळूहळू संपत जातात आणि बाळाच्या हाडांतला मगज नव्या तयार करीत राहतो. तिने बोटांवर मोजले. “म्हणजे चार महिन्यांनी सगळं त्याचं स्वतःचं?” मी हो म्हटले. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते बाळ वाचल्याचे सांगितले तेव्हाही दिसले नव्हते. शास्त्राने तिच्या श्रद्धेला खोटे पाडले नव्हते; तिला परत जायला एक वाट ठेवली होती. आज आरएच निगेटिव्ह आईला वेळेवर इंजेक्शन देतात, त्यामुळे असा पेच क्वचितच पडतो. पण प्रश्न तोच राहतो.

कायद्याने या प्रश्नाला तोंड दिले आहे. इंग्लंडमध्ये १८६८ साली, मुलाला वैद्यकीय मदत न देणे हा आईबापांचा गुन्हा ठरला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस, केवळ प्रार्थनेने रोग बरे होतात असे मानणाऱ्या एका पंथातल्या बापावर खटला झाला. त्याचे तान्हे मूल न्यूमोनियाने मेले होते. त्याने मुलाची शुश्रूषा नीट केली होती, माया केली होती; फक्त डॉक्टर बोलावला नव्हता. कोर्टाने त्याला दोषी ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली एका निकालात जे म्हटले, त्याचा अर्थ असा: धर्मासाठी स्वतः हुतात्मा व्हायला आईबाप मोकळे आहेत, पण मूल स्वतः निवड करण्याच्या वयाचे होण्याआधी त्याला हुतात्मा करायला ते मोकळे नाहीत.

आपल्या जुन्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमाखाली एक उदाहरण होते. मुलाला अपघात झाला आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर ते दगावेल, पालकाला विचारायला वेळ नाही. अशा वेळी सर्जनने मूल नको नको म्हणत असतानाही शस्त्रक्रिया केली, तर तो गुन्हा नाही. २०२४ च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, तिच्या ३० व्या कलमात हीच तरतूद आहे. पण पालक समोर उभा आहे आणि ‘नाही’ म्हणतो आहे, याचे उदाहरण तिथे दिलेले नाही. तिथे डॉक्टरला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, आणि तेवढा वेळ नसेल तर स्वतःच्या मनाचे. आपल्या महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने निदान एक गोष्ट स्पष्ट केली: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे.

हे वाचून, ‘असे लोक असतात खरे!’ म्हणून सुस्कारा टाकू नये. नकार देणारे लोक कुठल्या दूरच्या पंथात किंवा रानातच राहतात असे नाही. ते आपल्या सोसायटीतही राहतात. फक्त आपण ‘नाही’ असे सरळ म्हणत नाही. ‘जरा थांबू या’ म्हणतो. बँकेत अधिकारी असलेल्या एका गृहस्थांच्या मुलाचे आंत्रपुच्छ फुटायला आले होते, आणि त्यांनी मला विचारले होते, “डॉक्टर, उद्या अमावास्या आहे. परवा केलं तर चालणार नाही का?” मी म्हटले, “आंत्रपुच्छाला पंचांग वाचता येत नाही हो.” ते हसले आणि सही केली. काविळीच्या मुलाला आधी माळ घालून आणणारे, आकडी आलेल्या मुलाला चप्पल हुंगवणारे आणि मग मोटारीतून धावत येणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले. धर्मभेद, जातिभेद यात मुळीच नसतो. इथे सगळे एका पंक्तीला बसतात.

आणि समजूतही सगळ्यांची सारखीच पटते. पोलिओच्या मोहिमेत पश्चिम उत्तर प्रदेशातल्या काही मुसलमान मोहल्ल्यांत डोस नाकारले जात होते. तिथे पोलीस नेले नाहीत. मशिदीतले इमाम आणि शेजारपाजारच्या बायका बरोबर घेतल्या. मशिदीच्या भोंग्यावरून डोसाची सूचना होऊ लागली, आणि बंद दारे उघडली. देशातला शेवटचा पोलिओचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो.

चाळीस वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे. मूल ही आईबापांची मिळकत नव्हे, ती ठेव आहे. आणि त्या ठेवीचा धनी अजून वयात यायचा आहे. उद्या तो देव मानील, न मानील, बापाचा पंथ धरील किंवा सोडील. पण त्यासाठी त्याला उद्या दिसला पाहिजे. म्हणून जीव धोक्यात असेल तिथे डॉक्टरने, आणि वेळ असेल तर न्यायालयाने, आईबापांचा नकार बाजूला ठेवलाच पाहिजे. इथे माझ्या मनात संशय नाही. मात्र तो बाजूला ठेवताना पायाखाली तुडवू नये. त्या माणसांना ते मूल घेऊन घरी जायचे असते, आपल्या देवापुढे आणि आपल्या चार माणसांपुढे उभे राहायचे असते. त्यांची मान खाली घालायला लावली, तर दुसऱ्या मुलाच्या वेळी ती दवाखान्याची पायरी चढणार नाहीत; माळ्यावर लपवतील.

म्हणून मी कधी कुणाच्या गळ्यातला ताईत तोडला नाही. सलाइन लावायला दंड मोकळा हवा असेल तर, ‘तेवढा उशाशी ठेवा’ असे सांगितले. अंगारा लावायचा असेल तर लावा म्हटले, जखमेवर तेवढा नको. मूल बरे होऊन घरी गेले की महिन्या-दोन महिन्यांनी अनेक आईबाप नवस फेडून परत येत. देवाला वाढवलेल्या नारळाची एक वाटी कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवीत आणि म्हणत, “बाई, हा तुमचा प्रसाद.” अर्धा नारळ देवाला, अर्धा डॉक्टरला. यातला श्रेयाचा वाटा कुणाचा किती, हे मी त्यांना कधी विचारले नाही. मूल समोर उभे राहून त्याच खोबऱ्याकडे डोळे लावून असे, आणि मी तो तुकडा त्याच्याच हातावर ठेवीत असे.